बेथनी गॅपची कोरी नोंदवही

गुरुवार, ८ जानेवारी

नवी वही. मागच्या वर्षीची ऑगस्टातच सोडून दिली होती, तेव्हा हिचंही काही खरं नाही. पण एप्रिलअखेर मी निवृत्त होते आहे, आणि शेवटचे चार महिने तरी कुठेतरी सरळ भाषेत लिहावं असं वाटलं. ऑफिसात दिवसभर जे लिहिते ते सगळं 'आढळून आले' आणि 'निदर्शनास आले' असतं.

काम तेच. सरकारी मंडळं जागल्यांचा कायदा पाळतात की नाही ते बघत हिंडायचं. आत चाललेली लबाडी एखाद्या कर्मचाऱ्याला सांगायची असेल तर ऐकून घेणारा अधिकारी नेमलाय का, नोंदवही आहे का, सांगणाऱ्याचं नाव गुप्त राहतं का, मागाहून त्याला छळत नाहीत ना. चौदा वर्षं या चार प्रश्नांसाठी मी हे बेट पालथं घातलंय. धोरणाचा कागद सगळीकडे असतो, बहुतेक ठिकाणी फ्रेम करून. नोंदवही असते आणि ती कोरी असते. वही कोरी म्हणजे आमच्याकडे सगळं आलबेल, असं मंडळं मानतात, आणि खरं सांगायचं तर हल्ली मीही बरोबरची खूण करून पुढे जाते. पाट्या टाकते. दम उरलेला नाही.

आज मात्र एक बंद पाकीट आलं. बेथनी गॅपच्या डोंगरी पाणी मंडळात, प्रयोगशाळेत काम करणारी कुणी जुनेल पिनॉक. तीनच ओळी: टाक्यांच्या क्लोरीनच्या नोंदी खोट्या आहेत, मंडळातल्या कुणाला सांगायची सोय नाही, तुम्ही भेटाल का. आमचे उपसंचालक ब्रेमरसाहेब माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान आहेत. त्यांनी पाकीट माझ्या टेबलावर ठेवलं.

"मिस टी, तसंही सोमवारी तुम्ही तिथे तपासणीला निघालाच आहात. एका पेट्रोलमध्ये दोन कामं."

हा माणूस एक दिवस मंत्री होणार.

शनिवार, १० जानेवारी

जुनेल आज किंग्स्टनला आली होती, आईचं औषध घ्यायच्या निमित्ताने. हाफ वे ट्रीच्या बस स्थानकामागे मिस पर्लची खानावळ आहे, तिथे मागच्या खोलीत बसलो. चौतिशीची, सडपातळ, खुर्चीच्या टोकावर बसणारी. माशाचं कालवण आणि उकडलेली केळी मागवली, तिने एक घास खाल्ला.

डोंगरावरच्या तीन टाक्यांचं पाणी रोज तपासायचं असतं. ऑक्टोबरात दरड कोसळून वरचा रस्ता नऊ दिवस बंद होता, कुणी वर गेलंच नाही, तरी नऊ दिवसांचे आकडे नोंदीत आहेत. मग तिने मागचं चाळायला घेतलं, तर महिनेच्या महिने आकडे टेबलावर बसून लिहिलेले.

"लिहिले कुणी?" मी विचारलं.

"सांगतात वरून. लिहितो आम्ही. त्यातली दोन पानं माझ्या सहीची आहेत, बाई." हे तिने माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं. "आई त्याच टाकीचं पाणी पिते. गेल्या आठवड्यापासून हॉस्पिटलात आहे, जुलाब थांबत नाहीत. त्या पाण्यानेच झालं असं मी म्हणत नाही, मला ते ठाऊक नाही. पण सही माझी आहे."

आईला तिच्याशिवाय कुणी नाही. रोज संध्याकाळी ऑफिस सुटलं की ती भोपळ्याचं सूप घेऊन हॉस्पिटलात जाते, म्हातारी दुसऱ्याच्या हातचं खात नाही. नोकरी कंत्राटी आहे, दर मार्चला कागद नवा होतो.

"माझं नाव निघालं तर मी संपले, मिस टलॉक."

"चौदा वर्षांत माझ्या तोंडून एकही नाव बाहेर पडलेलं नाही," मी म्हटलं. आणि ते खरं आहे.

सोमवार, १२ जानेवारी

पहाटे निघाले, स्वतः गाडी हाकत, वाटेत कुठेही न थांबता. सव्वाआठला बेथनी गॅप. कमरेचा पार भुगा झाला.

मंडळाच्या सचिव श्रीमती वेनिस फोर्डहॅम दारातच उभ्या होत्या. इस्त्रीची घडी न मोडणारी बाई. म्हणाल्या, "अगदी वेळेवर आलात, सिस्टर टलॉक. आमची सोमवारची प्रार्थना सुरू होतेय. पाहुण्यांनी प्रार्थना सांगायची, आमचा रिवाजच आहे." रिवाज काय त्यांचा एकट्यांचा आहे? या देशात असं कुठलं सरकारी ऑफिस आहे जिथे सोमवारी कामाआधी देवाला हजेरी लावत नाहीत! नाही म्हणायची सोय नव्हती.

पंचवीसेक माणसं खुर्च्यांचं कडं करून उभी. अध्यक्ष एथेलबर्ट गेल चर्चमध्ये डीकन आहेत, तेही हजर. जुनेल खिडकीपाशी. आम्ही एकमेकींकडे अनोळखी माणसांसारखं पाहिलं. भजन झालं आणि सगळ्यांनी डोळे मिटले. मला तशी जाहीर प्रार्थना फारशी जमत नाही, पण आज शब्द आपसूक आले. मी म्हटलं, प्रभो, या घरात ज्यांनी जड काम उचललंय त्यांना बळ दे. हॉस्पिटलात पडलेल्या आईला उठव, आणि ऑफिस सुटल्यावर तिच्यासाठी सूप घेऊन जाणाऱ्या लेकीचे हात थकू देऊ नकोस. आजाऱ्यांसाठी तर प्रत्येक प्रार्थनेत मागतातच. नाव घेतलं नाही. नाव घेण्याइतकी मी नवखी नाही. पण त्या पोरीला कळावं की ती एकटी नाही, एवढं मनात होतं. 

'आमेन' नेहमीपेक्षा हळू आलं. फोर्डहॅमबाईंनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "किती मनापासून! आत्ता तर पोचलात, आणि आमच्या माणसांची केवढी माहिती तुम्हाला!"

बरं वाटलं. चौदा वर्षांत माझ्या कामाचं कुणी कौतुक केल्याचं आठवत नाही.

मग तपासणी. धोरणाचा कागद प्यायच्या पाण्याच्या यंत्रावर, सोनेरी फ्रेममध्ये. तक्रारीची पेटी अध्यक्षांच्या दाराला लागून, म्हणजे कागद टाकायचा तर त्यांच्या डोळ्यांदेखत. ऐकून घेणारी नेमलेली अधिकारी म्हणजे फोर्डहॅमबाई स्वतः. नोंदवहीवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं.

"आमच्याकडे तक्रारच नाही हो. आम्ही एक कुटुंब आहोत."

स्वतःला कुटुंब म्हणवणाऱ्या ऑफिसांची मला धास्ती आहे. कुटुंबात राजीनामा देता येत नाही.

जाताना जिन्यात जुनेल समोरून आली. चेहरा पांढराफटक, माझ्याकडे न बघता भिंतीला खेटून निघून गेली. शहाणी आहे, गुप्तता पाळते.

गुरुवार, १५ जानेवारी

गुडघ्यांना तेल लावून घरी. अहवाल अर्धा झाला. पाण्याचं प्रकरण रीतसर वेगळ्या पथकाकडे दिलं, जुनेलचं नाव कापून. ते नमुने घेतील.

मंगळवार, २७ जानेवारी

जुनेलचा फोन. "मिस टलॉक, त्यांना कळलंय."

दोन फेब्रुवारीपासून तिची बदली, वरच्या पंपाच्या ठाण्यावर. प्रयोगशाळेतल्या बाईने तिथे काटे बघायचे आणि आकडे लिहायचे. टॅक्सीने दोन तास, तीही मिळाली तर. आठवडाभर तिथेच राहायचं. आई परवा घरी आली आहे आणि तिला भिंतीला धरल्याशिवाय उठता येत नाही.

"बदलीच्या कागदात कारण काय लिहिलंय?"

"कामाची निकड." ती हसली, पण ते हसू काही बरं नव्हतं. "सगळे माझ्याशी बोलायचे थांबलेत, बाई. बारा तारखेपासून. डबा खायला बसले की टेबल रिकामं होतं."

मी म्हटलं, घाबरू नकोस, सूडाची बदली कायद्याने चालत नाही, मी बघते. फोन आपटून ठेवला. रागाने. कुणी फोडलं?

शुक्रवार, ३० जानेवारी

ब्रेमरसाहेबांशी बोलले. त्यांचं म्हणणं, लवादापुढे सूड सिद्ध करायचा तर एकच खिळा लागतो: मंडळाला ठाऊक होतं की तिनेच माहिती दिली. ठाऊकच नसेल तर सूड कसला? तो खिळा शोधा, मिस टी.

शोधतेय. पाकीट बेथनी गॅपच्या टपालपेटीत टाकलं होतं का? नाही, ती इथे येऊन देऊन गेली होती. आमच्या आवक विभागातली मुलगी? तिला प्रत्येक कागद वाचायची खोड आहे. तिला आज कोपऱ्यात घेऊन असं काही झापलं की रडली बिचारी. मिस पर्ल? वीस वर्षांची ओळख, पण खानावळवाल्यांचं तोंड आणि नळ सारखेच. तिच्याकडे जेवायला जाणं बंद केलं.

आणि जुनेल स्वतः? ताण आला की माणूस कुणाजवळ तरी बोलून जातो.

सोमवार, ९ फेब्रुवारी

पथकाचे निकाल आले. तीनपैकी दोन टाक्यांत क्लोरीनचा मागमूस नाही. त्याच दिवशीच्या मंडळाच्या नोंदीत आकडे मात्र सुरेख. पोरगी अक्षर न् अक्षर खरं बोलली होती. टाक्या साफ करायला घेतल्यात, पाणी उकळून प्या म्हणून रेडिओवर सांगताहेत.

बदलीबद्दल विचारणाऱ्या माझ्या पत्राला मंडळाचं उत्तरही आलं, वकिलाच्या हातचं. "मंडळाच्या नोंदवहीत एकही माहिती नोंदलेली नाही. जी माहिती दिली गेल्याचे मंडळास ज्ञातच नाही, तिचा सूड मंडळ कसा घेणार?" आणि खाली: आमची नोंदवही कोरी असल्याचे आपल्याच अधिकारी श्रीमती टलॉक यांनी बारा जानेवारीस प्रमाणित केले आहे.

केलं आहे खरं. बरोबरची खूण, माझी सही.

बुधवार, १८ फेब्रुवारी

वर पंपाच्या ठाण्यावर गेले. धुकं, यंत्राची घरघर, पत्र्याची खोली, त्यात जुनेल स्वेटर घालून. बदलीवरून तिने कधी आवाज चढवला नव्हता, तो मी मूर्खासारखं विचारल्यावर चढवला.

"नीट आठव, जुनेल. तू कुणाजवळ बोलली होतीस का? मैत्रीण, चर्चमधलं कुणी?"

"बोलले होते."

"कुणाशी?"

"तुमच्याशी."

 मग तिने टेबलावरून एक कागद सरकवला. कंत्राट एकतीस मार्चनंतर वाढवलं जाणार नाही. आईला दिवसा शेजारीण बघते, ती पण किती दिवस बघणार. म्हातारी जेवत नाही.

परत येताना फार वाईट वाटलं, आणि लिहायला लाज वाटते, पण तिचा रागही आला. मी तिच्यासाठी धावपळ करतेय आणि ती मलाच बोल लावते!

सोमवार, २ मार्च

पुन्हा बेथनी गॅप. या वेळी मुद्दाम दहाला पोचले, प्रार्थना टाळून. कायद्याने मला कुठलाही कागद मागता येतो, म्हणून म्हटलं, जानेवारीत या इमारतीत जे जे लिहिलं गेलं ते सगळं टेबलावर आणा. इतिवृत्तं, आवक-जावक, गाड्यांची वही, चहाची वहीसुद्धा. फोर्डहॅमबाई खऱ्या अर्थाने नीटनेटक्या आहेत. त्यांनी सगळं आणलं. सगळं म्हणजे सगळं. बदलीच्या फायलीत पहिली टिपणी तेरा जानेवारीची निघाली, अध्यक्षांच्या सहीची. म्हणजे कळलं ते बाराला किंवा आधी. मी बोट चाटून पानं उलटत राहिले.

ढिगात शेवटी एक निळी वही होती. प्रार्थनेची. कोणत्या सोमवारी कुणी प्रार्थना सांगितली, कोणतं भजन, कुणासाठी मागितलं, सगळं टिपलेलं. या मंडळातली एकुलती एक भरलेली वही.

"१२ जानेवारी. प्रार्थना: पाहुण्या सिस्टर आयोनी टलॉक, किंग्स्टन. हॉस्पिटलात असलेल्या मदर पिनॉकसाठी, आणि जड काम उचललेल्या जुनेलसाठी."

मी नाव घेतलं नव्हतं.

'जड काम' याखाली पेन्सिलीची रेघ आहे.

मंगळवार, ३ मार्च

काल वरचं लिहून वही मिटली. आज सकाळपासून सबबी शोधतेय. आजाऱ्यांसाठी सगळेच प्रार्थना करतात. हो, पण मी त्या दारातून आत शिरून दहा मिनिटं झाली होती. वाटेत कुणाशी बोलले नव्हते. किंग्स्टनहून आलेल्या परक्या बाईला खिडकीपाशी उभ्या असलेल्या मुलीची आई हॉस्पिटलात आहे, ती सूप नेते, ऑफिस सुटल्यावर नेते, हे कसं ठाऊक? त्या कड्यातल्या पंचवीसही जणांना 'आमेन' म्हणण्याआधी कळलं असेल. जुनेलला तर पहिल्या वाक्याला. जिन्यात तिचा चेहरा पांढरा होता आणि मी लिहिलं, शहाणी आहे.

आणि फोर्डहॅमबाईंनी हात धरला तेव्हा मला बरं वाटलं होतं. ते पान आत्ता परत वाचलं. वाचवत नाही.

आवक विभागातल्या मुलीची माफी मागितली. तिला कशाबद्दल ते कळलं नाही, ती आणखी घाबरली.

गुरुवार, ५ मार्च

निवेदन लिहून ब्रेमरसाहेबांपुढे ठेवलं. सूपाची गोष्ट मला फक्त जुनेलच्या तोंडून कळली होती, मी ती प्रार्थनेत बोलले, त्यावरून मंडळाने ओळखलं, दुसऱ्या दिवशी बदलीची फाईल निघाली, सोबत निळ्या वहीची प्रत. त्यांना हवा होता तो खिळा.

त्यांनी दोनदा वाचलं आणि उठून दार लावलं.

"हे तुम्हाला कुणी विचारलंय का?"

"नाही."

"मग मी हा कागद पाहिलेला नाही. ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, मिस टी, आपणच गावोगाव वाचून दाखवतो ते कलम. तुमचे आठ आठवडे राहिलेत. पेन्शन अडकेल, खटला होईल."

"तिचे चार राहिलेत."

त्यांनी कागदाची घडी घालून माझ्यापुढे सरकवली. मग म्हणाले, आणि हे वाईट बुद्धीने म्हणाले असं मला वाटत नाही, "तुमचं सोडा. उद्या पेपरात येईल की आपल्याकडे आलेलं नाव आपणच फोडलं. मग पुढचं पाकीट कोण पाठवणार? दुसऱ्या दहा जुनेल गप्प बसतील. त्यांचा हिशेब कोण करणार?"

  कागद पर्समध्ये घालून घरी आले.

शुक्रवार, ६ मार्च

रजा. भाकरफळ भाजायला ठेवलं ते जळून कोळसा झालं. ब्रेमरचं म्हणणं खोडून काढायचा दिवसभर प्रयत्न केला. तो खोटा नाही. पण गप्प बसायला इतकं चांगलं कारण मिळालं की मला भीती वाटते. ज्या ज्या मंडळाची वही कोरी होती, त्यांच्याकडेही असंच चांगलं कारण असेल.

शनिवार, ७ मार्च

जुनेल शनिवारी घरी असते. आधी तिला सांगायचं ठरवलं, कारण दुसऱ्या कुणाच्या तोंडून तिने ऐकू नये.

घर चढावर, दोन खोल्या. तिची आई, मिस सिल्वी, ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. काटकुळी, पण नजर धारदार. जुनेल चुलीपाशी शनिवारचं सूप ढवळत होती. मला बघून तिने पळी खाली ठेवली नाही.

उभ्याउभ्याच सांगितलं. बसून सांगण्यासारखं नव्हतं.

"मला ठाऊक आहे," जुनेल म्हणाली. "त्याच दिवशी कळलं होतं. वाटलं होतं तुम्हालाही कळलंय आणि तुम्ही झाकताय."

"मला खरंच..."

"आता दिसतंय ते. ते बरं की वाईट, मला समजत नाही."

ओसरीवरून म्हातारी म्हणाली, "ए बाई, प्रार्थना देवाकडेच केलीस ना?"

"हो, मदर."

"मग मंडळाने कशाला ऐकली?" आणि हातातली शेंग टोपलीत आपटली. "माझं नाव घेऊन त्यांनी माझ्या पोरीला डोंगरावर टाकलं. तुझ्या प्रार्थनेपेक्षा माझा जुलाब बरा होता."

मला हसू आलं आणि लगेच रडू. ओसरीच्या पायरीवर बसले. कुणी समजूत घातली नाही, आणि तेच बरोबर होतं. जुनेलने हात पुसून निवेदन मागितलं. चुलीपाशी उभी राहून वाचलं, प्रयोगशाळेत वाचत असेल तसं, एकेका ओळीखाली बोट धरून.

"'सुमारे आठ वाजता' काय लिहिलंय? प्रार्थना आठ वीसला सुरू होते. आणि मी तुम्हाला भेटले ती तारीख घाला, नुसतं 'त्याआधी' नको. 'सुमारे' दिसलं की त्यांचा वकील तिथेच बोट ठेवील."

"घालते."

"आणि हे 'अनवधानाने' काढा."

"पण ते अनवधानानेच झालं, जुनेल."

"असेल. माझ्याही दोन सह्या अनवधानानेच झाल्या होत्या. मी कुठे लिहिलं तसं?"

काढलं.

तिला ब्रेमरसाहेबांचं म्हणणंही सांगितलं, पुढच्या पाकिटांचं. ती विचारात पडली. "मला आधी कळलं असतं की तुमच्याकडून नाव फुटतं, तर मी पाकीट दिलं नसतं," ती सावकाश म्हणाली. "आणि हेही कळलं असतं की फुटल्यावर तुम्ही असं लिहून देता, तर... माहीत नाही. कदाचित दिलं असतं." मग म्हणाली, "मी तुम्हाला माफ वगैरे केलेलं नाही हं."

"मी ते मागायला आले नाही," मी म्हटलं.

खोटं. तेच मागायला गेले होते.

म्हातारीने जेवल्याशिवाय सोडलं नाही. "बस. रागावलेय म्हणून सूप थोडंच ओतून देणार आहे?" असं म्हणाली. तिघी ओसरीवर बसून प्यालो.

सोमवार, ९ मार्च

निवेदन आवक विभागात दिलं, आठ चाळीसला, शिक्का मारून घेतला. एक प्रत लवादाकडे. ब्रेमरसाहेबांनी कपाटाच्या किल्ल्या मागून घेतल्या. हात पुढे केला तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. "तुम्ही मला फार मोठ्या खड्ड्यात घातलंत, मिस टी," म्हणाले. आणि मग, "बसायला खुर्ची तरी घ्या."

आजपासून निलंबित. घरी अकरा वाजता पोचले. या वेळी घरात ऊन कुठवर येतं ते मला ठाऊकच नव्हतं.

शुक्रवार, २७ मार्च

लवादाचा अंतरिम हुकूम. निकाल लागेपर्यंत जुनेल पिनॉक यांना मूळ जागी, प्रयोगशाळेत ठेवावे, कंत्राट खंडित समजू नये. निळी वही जप्त. तेरा तारखेच्या टिपणीबद्दल गेलसाहेबांना खुलासा मागितला आहे. पेपरात आलं, माझ्या नावासकट. चर्चमध्ये लोक माझ्या बाकावर बसायचं टाळतात. मिस पर्लने मात्र घरी डबा पाठवला. तिच्यावर संशय घेतला होता हे तिला अजून सांगितलेलं नाही. सांगावं लागेल.

गुरुवार, २ एप्रिल

माझ्याविरुद्धच्या चौकशीची नोटीस आली. ओळख उघड केल्याचा आरोप. साक्षीदार एकच: जुनेल पिनॉक.

दुपारी तिचा फोन आला. प्रयोगशाळेतून, मागे नळाचा आवाज. तिलाही समन्स गेलंय.

"ते विचारणार, तू आणखी कुणाला सांगितलं होतंस का. मी 'आठवत नाही' म्हटलं तर तुम्ही सुटाल. हो ना?"

"आणि तुझा दावा बुडेल."

"म्हणूनच विचारतेय. तुम्हाला शिक्षा किती होईल?"

"ठाऊक नाही."

तिने नळ बंद केला.

"मला आठवतंय, मिस टलॉक. मी फक्त तुम्हालाच सांगितलं होतं. मी तेच सांगणार."

"तेच सांग," मी म्हटलं. आवाज नीट निघाला, एवढंच समाधान.

नोटिशीसोबत एक अर्ज आहे. साक्षीदाराच्या विश्वासार्हतेबद्दल आरोपीस हरकत आहे काय? असल्यास कारण लिहा. मी 'हरकत नाही' लिहिलं. मग कुणी विचारलं नव्हतं तरी खाली लिहिलं, ही बाई खोटी नोंद करत नाही, आणि सही केली.